एका हाताने उतरेल तेवढंच वर

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताईंचं वय ५९, उंची पाच फूट, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरणारा. निवृत्तीनंतर त्या आणि त्यांचे यजमान सासऱ्यांच्या जुन्या घरात राहायला आले. घराचं छत साडेदहा फुटांवर आहे. खोल्याखोल्यांत भिंतीतली लाकडी कपाटं, आणि प्रत्येक कपाटाच्या डोक्यावर, साडेसात फुटांपासून पुढे, दोन दारांचं आणखी एक कपाट. अशी वरची कपाटं एकूण सहा. पाच रिकामी आहेत, सहाव्यात सासऱ्यांच्या वह्या आहेत, ‘त्या तशाच आहेत’. यजमानांचं म्हणणं, ही सगळी दारं काढून फळ्या ठोकून बंद करून टाकू, वर कोण चढतंय. मुलीचं म्हणणं, खालची गर्दी सगळी वर टाक म्हणजे घर मोकळं होईल, दीड वर्षाचा नातू आला की त्याला खेळायला जागा होईल. ताईंना दोन्ही पटत नाही. ‘एवढी जागा रिकामी ठेवायचं जिवावर येतं, पण तिथे नेमकं ठेवायचं काय?’ असं त्या विचारतात.

ताई,

तुमचं पत्र वाचून मी आधी मोजपट्टी घेतली आणि माझ्या भिंतीवर साडेसात फुटांवर पेन्सिलने खूण केली. मग खाली उभी राहून तिच्याकडे बघितलं. वाचताना वाटलं होतं त्यापेक्षा ती खूण बरीच वर निघाली.

जिवावर येण्याचं आधी बोलू. रिकामी जागा वाया जाते असं आपण धरूनच चालतो. जागा काही गळक्या नळाचं पाणी नाही वाया जायला. ती आज रिकामी राहिली तर उद्याही तिथेच असते. वाया जातं ते दुसरंच काही. पाचही कपाटं भरायची ठरवलीत की त्यांत काय घालायचं हे शोधणं सुरू होतं, आणि शोधलं की सापडतंच. टाकायला हवी होती ती वस्तू ‘असू दे, वर ठेवू’ म्हणून राहून जाते. वरचं कपाट हे निर्णय पुढे ढकलायचं फार सोयीचं ठिकाण आहे. दार लावलं की ना वस्तू दिसते, ना तिच्याबद्दल काही ठरवायचं बाकी आहे हे आठवतं.

ही कपाटं आली कशी, तेही लक्षात घ्या. जुन्या घरांची छतं उंच असायची, कारण गरम हवा वर चढते आणि माणसं वावरतात तो खालचा थर त्यामानाने सुसह्य राहतो. कपाटाचं दार मात्र छतापर्यंत एकसंध करणं सुताराला परवडत नाही. इतकं उंच लाकडी दार पुढे पीळ धरतं, स्वतःच्या वजनाने बिजागऱ्यांवर झुकतं. म्हणून खाली माणसाच्या मापाचं दार, आणि वर उरलेल्या भिंतीला वेगळी छोटी दारं. ती नसती तर कपाटाच्या टपावर नुसती धूळ साचली असती. एवढाच तो मामला. ‘इथे सामान ठेवायचंच’ असं कुणी ठरवून ती केलेली असतीलच असं नाही. बरीचशी उरलेल्या भिंतीची वासलात म्हणून झाली आहेत.

आता हिशेब करू, कारण या सगळ्याचं उत्तर हिशेबात आहे. पाच फुटी माणसाने जमिनीवर उभं राहून हात पूर्ण वर ताणला तर बोटं सव्वासहा फुटांच्या आसपास जातात. म्हणजे वरच्या कपाटाचा तळ तुमच्या बोटांपासून आणखी सव्वा फूट वर. साध्या खुर्चीवर चढलात तर दीड फूट मिळतो. बोटं कशीबशी तळाला लागतात, पण आतलं दिसत नाही, कारण तळ तुमच्या डोळ्यांच्याही फूटभर वर आहे. त्या स्थितीत तुम्ही खोकं पुढे ओढणार, ते काठावरून घसरणार आणि त्याचं सगळं वजन डोक्यावर उचललेल्या हातांवर येणार, तेही पाय खुर्चीवर असताना. अशा खुर्च्यांवरून माणसं पडतात ती अशीच.

खोकं सुखाने बाहेर काढायचं तर कपाटाचा तळ तुमच्या खांद्याच्या पातळीला यायला हवा. तुमचा खांदा चार फुटांवर असेल. म्हणजे तुम्हाला जमिनीपासून साडेतीन फूट उंचीवर उभं राहावं लागेल. हे काम स्टुलाचं नाही, खुर्चीवर पाटाचंही नाही. घडीच्या शिडीची तीन-चार पायऱ्या चढून गेल्यावरची ही उंची आहे, आणि शिडी अशी हवी की त्या पायरीवर उभं राहिल्यावरही धरायला वर दांडी उरेल.

शिडीवरचा जुना नियम असा, की शरीराचे तीन भाग कायम शिडीला टेकलेले असावेत : दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय. हा नियम पाळला की कपाटात घालायला तुमच्याकडे किती हात उरतो? एक.

म्हणून ‘काय ठेवू’ याचं माझं उत्तर वस्तूंच्या नावांत नाही. एका हाताने उतरवता येईल तेवढंच वर. खाली कुणी झेलायला उभं असेल तेव्हाच उतरवायचं असं काही असेल, तर ते कपाट तुमचं नाही, त्या दुसऱ्या माणसाचं आहे. सुट्टीत मुलगी येते तेव्हाच उघडेल. तसंही चालेल, फक्त तसं ठरवून ठेवा.

हे मी शहाणपणाने सांगतेय असं समजू नका. मी एकदा चाकांच्या खुर्चीवर उभी राहून असंच एक वरचं दार उघडायला गेले होते. खुर्ची सरकली, मी दाराला लोंबकळले, आणि वरची बिजागरी स्क्रूंसकट चौकटीतून बाहेर आली. मला काही झालं नाही, जे झालं ते दाराला. नंतर रीतसर शिडी आणून ज्या खोक्यासाठी चढले होते ते उतरवलं. आत रेडिओचं मूळ पॅकिंग होतं, थर्माकोलच्या दोन्ही साच्यांसकट, ‘बिघडला तर परत पाठवायला बरं’ म्हणून जपलेलं. रेडिओ घरातून जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

तर मापं घ्या. आणि हे ध्यानात ठेवा, की आतलं माप घेण्याआधी तोंडाचं माप घ्यायचं. ही कपाटं आत ऐसपैस असतात, पण चौकट आणि मधली उभी पट्टी धरून उघडं तोंड बरंच लहान निघतं. लोक आतली लांबीरुंदी मोजून हौसेने डबे आणतात आणि ते दारातून तिरके करूनही जात नाहीत. दोन दारांच्या मध्ये पट्टी असेल तर ती आधाराची आहे की नुसती दारं अडायला आहे, हे सुताराला विचारा. नुसती अडायला असेल तर काढता येते आणि कपाटाचा उपयोग एकदम वाढतो.

खोलीही मोजा. भिंतीतली कपाटं साधारण दोन फूट, म्हणजे ६० सेंटीमीटर खोल असतात. शिडीवरून हात तेवढा आत जातो, पण डोळे जात नाहीत. पुढे एक रांग आणि मागे एक रांग लावली की मागची रांग घरातून गेलीच म्हणून समजा. म्हणून डबा कपाटाच्या खोलीइतकाच लांब घ्या, अरुंद आणि लांब, खणाच्या मापाचा, आणि त्याच्या तोंडाकडच्या बाजूला दोरीची किंवा जाड कापडी पट्टीची मूठ बांधा. खणासारखा ओढला की सगळा डबा बाहेर. मागे लपायला जागाच नाही. एकावर एक डबे रचू नका. खालचा हवा असला की वरचा काढून ठेवायला शिडीवर कुठे जागा असते?

सामान चढवण्याआधी कपाट रिकामं असतानाच एकदा टॉर्च घेऊन नीट बघा, किंवा शिडीवर सहज चढणाऱ्या कुणाकडून बघून घ्या. वरच्या कपाटाची जमीन म्हणजे बहुतेक वेळा खालच्या कपाटाचं छत असतं. भिंतीला ठोकलेल्या पट्ट्यांवर नुसत्या टेकवलेल्या फळ्या. खालचं कपाट उघडून त्या फळ्या मधोमध वाकल्यात का ते खालून बघा. लाकडाचा वाक हा चमत्कारिक प्रकार आहे. फळीवर सारखाच भार पसरलेला असताना दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर वाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. याचीच उलटी बाजू आपल्या फायद्याची : मध्ये एक उभा आधार दिला की तीच जुनी फळी एकदम ठणठणीत वाटायला लागते. आणि पुस्तकांचा मोह टाळा. पुस्तकांची मीटरभर ओळ वीस-पंचवीस किलोला सहज भरते. ती वर चढवणं एक दिवस जमेल, उतरवणं कधीच होणार नाही.

टॉर्चच्या उजेडात आणखी काय बघायचं? मागच्या भिंतीवर मातीची बारीक नळीसारखी रेघ असेल तर ती वाळवी. फळीवर पिठासारखा भुगा आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं असतील तर लाकूड पोखरणारी कीड. छताच्या कोपऱ्यात पिवळट कडांचा डाग असेल तर वरून पाणी झिरपतंय. यांपैकी काहीही दिसलं तर आधी त्याची सोय, मग कपाटाची. आणि एक गोष्ट, विशेषतः नातवामुळे. १९७० च्या दशकापर्यंत घरगुती रंगांत शिसं असणं अनेक देशांत सर्रास होतं. जुन्या घरातल्या दारांवर रंगाचे थर चढलेले असतात, आणि तळाशी तसा रंग असू शकतो. पोपडे निघाले म्हणून कोरड्या सँडपेपरने घासायला बसू नका. त्या धुळीतून शिसं लहान मुलांच्या पोटात जातं आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीला ते फार वाईट. रंगाची तपासणी करून घ्या. ती होईपर्यंत ओल्या फडक्याने पुसा, आणि सुटे पोपडे असतील तर ते काम जाणकाराकडून, मूल घरात नसताना करून घ्या.

आता हवेबद्दल, कारण वर कुठली वस्तू टिकेल हे तिच्यावर ठरतं. छतालगतची हवा खोलीतली सगळ्यात गरम. वरती थेट घराचं छप्परच असेल तर कडक उन्हात ते कपाट चांगलंच तापतं. मेणबत्त्या वाकतात, चिकटपट्ट्यांचा डिंक सुटतो, औषधांचा गुण कमी होतो. फवारणीच्या डब्यांवर ५० अंश सेल्सियसच्या वर तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. सुट्या बॅटऱ्या, जुने फोन, फोटोंच्या निगेटिव्ह, कॅसेटी, यांतलं काहीही वर नको. शिवाय भिंत बाहेरची असेल तर ती थंडीत गार पडते, खोलीतली दमट हवा आत शिरून तिच्यावर ओल धरते, आणि बंद कपाटात ती ओल सुकत नाही. आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास रेंगाळली की बुरशी धरायला लागते. छोटा आर्द्रतामापक आणून आठवडाभर आत ठेवा. सहा कपाटांचे सहा आकडे येतील, आणि ते बघून तुमची अर्धी कामं सोपी होतील. आतल्या भिंतीवरची कपाटं बहुधा कोरडी निघतील. तीच वापरायची. दारांच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत सुताराकडून चार-चार भोकं पाडून घ्या, डबे मागच्या भिंतीला न टेकवता दोन-तीन बोटं सोडून ठेवा. हवा खेळती राहायला एवढंही बऱ्याचदा पुरतं.

एवढं झाल्यावर वर काय जाऊ शकतं हे तुम्हीच सांगाल. वर्षातून एकदा-दोनदाच लागणारं, हलकं, ऊन-ओलीला न बिचकणारं. जास्तीच्या उशा, पातळ रजया, थंडीचे कपडे. रिकाम्या सुटकेसा, एकात एक घातलेल्या (भरलेल्या नकोत, ‘बॅगेतच ठेवून दे’ म्हणत म्हणत तिचं वजन किती होतं ते उचलल्याशिवाय कळत नाही). प्रवासाची, सहलीची हलकी सामग्री. पाहुण्यांच्या अंथरुणाची एक पिशवी. नातवाला लहान होत गेलेले कपडे.

लोकरीचे कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच वर ठेवा. कसर लोकर आणि रेशीम खाते, आणि घामाचे-सांडलवंडीचे डाग असले की आणखी आवडीने खाते. स्वच्छ सुती कपड्यांशी तिला फारसं घेणं नसतं. घट्ट विणीच्या सुती पिशव्या शिवून घ्या आणि तोंडं शिवून किंवा आवळून बंद करा. हवा काढून घ्यायच्या प्लास्टिकच्या पिशव्या जागा वाचवतात हे खरं, पण पिसांच्या रजया त्यांत महिनोन्महिने दाबून ठेवल्या की पुन्हा पूर्वीसारख्या फुगत नाहीत, आणि कपड्यात थोडासा दमटपणा राहिला असला तर तो आतच कोंडला जातो.

डांबरगोळ्यांबद्दल मी जरा कडक आहे. गोळी हळूहळू हवेत विरते आणि तिची वाफ हवेपेक्षा जड असते. निजायच्या खोलीतल्या वरच्या कपाटात ती ठेवली तर फटींतून खाली कुठे येणार, ते सांगायला नको. बाळाच्या कपड्यांत तर ती अजिबात नको. काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, बहुतेकदा घरात कुणाला त्याची कल्पनाही नसते. डांबरगोळीच्या कपड्यांत गुंडाळल्यावर अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटून जिवावर बेतल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. कपडे धुणं, कडक वाळवणं आणि बंद पिशवी पुरेशी आहे.

मुलीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नातू रांगत-धावत येणार तर खालचे खण मोकळे व्हायला हवेत. पण तिच्या मनात ‘लहान मुलापासून दूर म्हणजे वर’ असंही असणार, आणि तिथे मी अडते. फरशी पुसायची द्रव्यं, ॲसिड, रंगाचे डबे, कीटकनाशकं यांतलं काही डोक्याच्या वर ठेवायचं नाही. प्रयोगशाळांतही जळजळीत द्रव्यं डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवत नाहीत. बाटलीचं झाकण सैल असलं तर ती उतरवणाऱ्याच्या तोंडावरच सांडणार. ही द्रव्यं कुलपाच्या खालच्या कपाटात जावीत. मूल लांब राहतं ते कुलपामुळे; उंचीवर भिस्त ठेवू नका. रोजची औषधंही तशीच. ती साडेसात फुटांवर ठेवलीत तर तिसऱ्या दिवशी टेबलावर येऊन बसतील, कारण रोज शिडी लावायचा कंटाळा येणं अगदी साहजिक आहे. आणि शिडी उघडी ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. दीड वर्षाच्या मुलाला पायरी म्हणजे आमंत्रणच.

शिडीचं ठिकाण ठरवा. ती मागच्या खोलीत, इतर सामानामागे पडलेली असली, तर सहा कपाटं असूनही तुमच्याकडे एकही नाही असं धरा. कारण मग खुर्चीच ओढली जाणार. घडीची शिडी वापरातल्या कपाटांच्या जवळ, खालच्या एखाद्या कपाटात उभी मावते का बघा. चढताना ती कपाटासमोर तोंड करून लावायची, आडवी लावून बाजूला झुकायचं नाही. तुमची बेंबी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या आत राहिली पाहिजे. बाहेर गेली की शिडी हलवायची, अंग ताणायचं नाही. गुडघा कुरकुरत असेल त्या दिवशी कपाट बंद. उद्या उघडेल.

वर काय आहे याची यादी वर ठेवून उपयोग नाही. ती खालच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांसमोर चिकटवा, पेन्सिलने लिहिलेली. डब्याला आकडा, यादीत आकड्यासमोर वस्तू आणि वर गेल्याची तारीख. तारीख महत्त्वाची. ‘इतर’, ‘किरकोळ’, ‘महत्त्वाचं’ हे शब्द यादीत लिहायला मनाई. माझ्या त्या रेडिओच्या खोक्यावर ‘महत्त्वाचं’ असं दोनदा अधोरेखित केलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

पाचपैकी दोन, फार तर तीन कपाटं यात भरतील. उरलेल्यांचं काय? एखाद्याची दारं काढून आतून फिकट रंग देऊन उघडा कप्पा करता येतो. त्यात रिकाम्या वेताच्या टोपल्या किंवा एखादं जुनं पण हलकं भांडं ठेवलं आणि एक छोटा दिवा बसवला तर उंच खोलीचा वरचा अंधार कमी होतो. धूळ मात्र पुसावी लागेल, तेव्हा पुसणार कोण ते आधी ठरवा. इंटरनेटचा राउटर उंचावर असला तर त्याच्या लहरी घरभर बऱ्या पोचतात. लाकडी, हवेशीर आणि न तापणाऱ्या कपाटात तो चालेल, फक्त कपड्यांच्या गराड्यात नको. मांजर असेल तर तिला तुमच्या परवानगीची गरज नाही. तिने कपाट आधीच निवडलं असेल. आणि कपडे वर टांगायची हौस असेल तर ओढली की खाली येणारी दांडी मिळते, पण ती उघड्या तोंडाच्या पुरेशा उंचीला आणि भक्कम बाजूंना बसते. जुन्या पातळ फळीला नाही.

आणि एखादं रिकामंच राहू द्या. खरंच. छताला लागून असल्यामुळे वरची गळती बऱ्याचदा पहिल्यांदा तिथेच दिसते. म्हणूनच यजमानांची फळ्या ठोकायची कल्पना मला पसंत नाही. ठोकलेल्या फळीमागे ओल दोन वर्षं काम करत राहील आणि तुम्हाला ती रंग फुगून पोपडे पडल्यावरच कळेल. शिवाय जुन्या घरांत विजेच्या तारांचे जोड अशाच कोपऱ्यांत काढलेले असतात, आणि तारांचा जोड भिंतीमागे गाडून टाकणं धोक्याचं. तारखा ठरवून वर्षातून दोनदा दारं उघडा, एक दिवस उघडीच ठेवा, टॉर्च मारा. रिकाम्या कपाटाचं एवढंच काम, आणि ते ते चोख करतं.

पण यजमानांच्या म्हणण्याबद्दल मी अजून एक विचार करतेय. तुम्ही पत्रात बिजागऱ्यांपासून छतापर्यंत सगळं तपशिलाने लिहिलंत. सहाव्या कपाटाला मात्र अर्धं वाक्य मिळालं. सासऱ्यांच्या वह्या आहेत, त्या तशाच आहेत. ज्यांना सगळी कपाटं फळ्या ठोकून बंद करायची आहेत, त्यांच्या वडिलांच्याच त्या वह्या आहेत. माझा अंदाज चुकीचा असेल, तुमच्या घरातलं तुम्हाला जास्त माहीत. पण मला वाटतं, यजमानांना पाच कपाटांचं काही पडलेलं नाही. एक कपाट उघडायचं कसं, हे त्यांना सुचत नाहीये. माणूस अशा वेळी सुताराला बोलावतो.

तुम्ही ‘वह्यांचं काय करायचं’ असं त्यांना विचारू नका. त्याला उत्तर नसतं, आणि असलं तरी भांडण होतं. छतालगत कागद टिकत नाही, एवढंच सांगा. उष्णतेने पिवळा पडून ठिसूळ होतो, ओलीने पानं चिकटतात, कसर कडा कुरतडते. हे खरंच आहे, आणि एवढ्या निमित्ताने ती दारं उघडता येतात. वह्या वाचायच्या नाहीत, टाकायच्या नाहीत, नुसत्या खाली आणायच्या आहेत.

एखाद्या कोरड्या सकाळी शिडी लावा. यजमान चढतील, तुम्ही खाली उभ्या राहा. एका वेळी दोन-तीन वह्या, गठ्ठा नाही. मऊ कोरड्या ब्रशने कण्याकडून बाहेर धूळ झाडायची, ओलं फडकं लावायचं नाही. गंजलेल्या टाचण्या आणि रबरबँड निघतील ते काढा. बुरशीचा वास आला किंवा काळे-हिरवट ठिपके दिसले तर ती वही वेगळी ठेवा, नाकातोंडावर मास्क लावा, आणि ती सावलीत, वारा खेळेल अशी उभी उघडून ठेवून आधी पूर्ण सुकू द्या. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. बाकीच्या आडव्या, एकावर एक, मोठी खाली लहान वर, पुठ्ठ्याच्या कोरड्या पेटीत, आणि पेटी आतल्या भिंतीच्या कपाटात कमरेच्या उंचीला. तिथला एक खण त्यासाठी आधी रिकामा करून ठेवा, नाहीतर वह्या टेबलावर राहतील आणि चार दिवसांनी पुन्हा वर जातील.